तक्रारीविना १९९ दिवस

माझी ताई भांडखोर आहे, असं धुलाईघरात सगळ्यांचं मत. साफ चूक. भांडखोर मी आहे. मला राग आला की तोंडाला येईल ते बोलते, मग दोन दिवस गाल फुगवून बसते आणि तिसऱ्या दिवशी भांडण कशावरून झालं तेच आठवत नाही. ताईचं तसं नाही. ती आवाज चढवत नाही. समोरचा काय म्हणतोय ते आधी पुरतं ऐकून घेते आणि मग असा एक प्रश्न विचारते की माणसाला घाम फुटतो. तिला पाठीमागे सगळे वकीलबाई म्हणतात. शिक्षण विचाराल तर दहावी नापास, तेही दोनदा, आणि ते ती स्वतःच हसून सांगते.

आमचं धुलाईघर एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात आहे. मधोमध छतापर्यंत भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे मळकी बाजू आणि पलीकडे धुतलेली बाजू. धुण्याची यंत्रं त्या भिंतीतच बसवलेली, प्रत्येकाला दोन दारं. आम्ही अलीकडच्या दारातून रक्ताच्या, पुवाच्या चादरी आत कोंबायच्या आणि पलीकडच्यांनी त्यांच्या दारातून वाफाळत्या स्वच्छ चादरी काढायच्या. एक दार उघडं असलं की दुसरं उघडतच नाही. इकडची बाई तिकडे जात नाही, तिकडची इकडे येत नाही. ताई मळक्या बाजूची मुकादम. धुतलेल्या बाजूच्या मुकादम म्हणजे मावशी, कुणाच्याच सख्ख्या नसलेल्या, सगळ्यांच्या मावशी. ताईचं आणि मावशींचं इतक्या वर्षांत एकदाही पटलं नाही आणि एकीवाचून दुसरीचं पानही हललं नाही.

तेरा-चौदा वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं. कारण अगदी साधं. आम्हाला एकेक गाठोडं उलगडून, आत काही राहिलंय का ते बघून मगच यंत्रात टाकायचं असतं, त्याला वेळ लागतो. तिकडच्या बायका तोवर हात बांधून उभ्या, आणि वरून वॉर्डातल्या सिस्टर फोनवर ओरडतायत की चादरी कुठे आहेत. अबोला इतका वाढला की एका सकाळी शस्त्रक्रियेच्या खोलीत हिरवे कपडे पोचलेच नाहीत. तेव्हाचे साहेब खडूस होते पण बुद्धीचे होते. म्हणाले, भांडा, पण सोमवारी दोन वाजता, खुर्चीवर बसून भांडा.

ताईने त्यात एक नियम घातला. आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्या बाईचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं आणि शेवटी विचारायचं, ‘बरोबर?’ ती ‘बरोबर’ म्हणेपर्यंत आपली पाळी नाही. ऐकायला सोपं वाटतं. एकदा तिसऱ्या मजल्याच्या सिस्टरना आमचं म्हणणं चार वेळा सांगूनही बरोबर सांगता येईना. मावशी मुद्दाम मोठ्याने जांभया देत होत्या. पाचव्या वेळी सांगता सांगता सिस्टर स्वतःच थांबल्या आणि म्हणाल्या, अगं बाई, हे तर खरंच आहे.

तो आमचा भांडणाचा तास. त्याची एक जाड वही होती. मिटलेल्या तक्रारीवर दोन्ही बाजूंची सही. न मिटलेली तक्रार खोडायची नाही, तिला ‘उभी’ म्हणायचं, आणि दर सोमवारी उभ्या तक्रारी वाचून दाखवायच्या. शेवटी शेवटी अशा एकतीस उभ्या होत्या. चार नंबरची तर सहा वर्षं उभी होती: ‘वॉर्डातून गाठोड्यात इंजेक्शनच्या सुया येतात.’ ती कधी मिटली नाही, पण दर सोमवारी चार माणसांसमोर उत्तर द्यावं लागतं म्हणून सिस्टर वर जाऊन आपल्या पोरींवर नजर ठेवायच्या. आधी आठवड्याला चार-पाच सुया सापडायच्या, त्या महिन्याला एखाददुसरीवर आल्या होत्या. हे मला आज कळतंय. तेव्हा मीही म्हणायचे की सहा वर्षं तेच रडगाणं काय लावलंय.

मग नवे साहेब आले. त्यांच्या प्रत्येक वाक्यात ‘आपलं’ असायचं. आपलं धुलाईघर, आपल्या मुली, आपला प्रश्न. आठवड्याभरात त्यांचं नाव आपलेसाहेब पडलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर ताईने त्यांना पहिल्या महिन्यात गुंडाळून ठेवलं असतं. ते रोज खाली उतरायचे. कुणाच्या मुलाची परीक्षा आहे, कुणाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालंय, सगळं त्यांच्या ध्यानात असायचं. आम्हाला बसायला पाठ असलेल्या खुर्च्या त्यांनीच आणल्या. त्यांनी ती वही घरी नेऊन वाचली आणि दुसऱ्या दिवशी खरोखर उतरलेल्या चेहऱ्याने आले. त्यांना वाटलं, एकतीस तक्रारी सहा-सहा वर्षं पडून आहेत म्हणजे हे घर आजारी आहे.

त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं. शरीरात डोकं असतं, हात असतात, पाय असतात. हात कधी पायाशी भांडतो का? सगळ्यांचं भलं एकच असतं, मग बाजू कसल्या आणि तास कसला? कुणाला काही सलत असेल तर त्याने सरळ माझ्याकडे यावं, माझं दार उघडं आहे. मग त्यांनी खरी गोष्ट काढली. आम्ही चौदाजणी टेंपरवारी होतो, काहीजणी सात-सात वर्षं. वरच्या संचालकांशी ते बोलले होते. धुलाईघर दोनशे दिवस तक्रारीविना चाललं, तर चौदाजणींना कायमची पत्रं.

त्या चौदांत मी होते. घरी ताई आणि मी, दोनच माणसं, दोन खोल्या. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ताई एकोणीसची. तिने लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, एक पोर पदरात आहेच की, तिचंच आवरत नाही. मी कायम व्हावं हा तिचा ध्यास होता. आपलेसाहेबांनी वही बंद करायचा कागद पुढे केला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता वकीलबाई उठतील. ताईने कागद दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. नंतर म्हणाल्या, तू सही केलीस म्हणून मी केली, एरवी माझी करायची छाती नव्हती. ताई म्हणाली, दमलेय मावशी, अकरा वर्षं झाली.

दाराशी पाटी लागली: ‘तक्रारीविना __ दिवस’. आपलेसाहेब रोज सकाळी आठला स्वतः आकडा बदलायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. शंभराव्या दिवशी त्यांनी सगळ्यांना केक आणला. सोमवारी दोन वाजता आता सगळ्यांनी गोल बसून चांगल्या गोष्टी सांगायच्या, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी मावशींनी आपल्या गुडघ्याला आराम पडल्याचं सांगितलं, पुढच्या सोमवारीही तेच.

सिस्टर खाली यायच्या बंद झाल्या. गाठोडी पुन्हा घट्ट गुंडाळलेली यायला लागली. आम्हाला दिसत होतं, पण बोलणार कोण? एकीने तोंड उघडलं की पाटी शून्यावर आणि चौदाजणींच्या पोटावर पाय.

एकशे सत्त्याण्णवाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी अकराला, मी एक गाठोडं सोडत होते. चादरीच्या घडीत हात घातला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटात काहीतरी घुसलं. हात काढला तर हातमोज्याला सुई लटकलेली. सुईच्या नळीत कुणाचं तरी काळपट रक्त होतं.

माझ्या शेजारी चिमणी काम करायची. ती अंगाने बारीक आणि तिचं तोंड सदा चालू, म्हणून चिमणी. तिने एक अक्षर न बोलता मला नळाखाली नेलं, बोट पिळून धुतलं, पट्टी बांधली, फाटका मोजा कचऱ्यात खोल दाबला आणि कुठून तरी नवी जोडी आणून दिली. एवढं सगळं दोन मिनिटांत. मग म्हणाली, “तीनच दिवस राहिलेत. शुक्रवारपर्यंत कळ काढ.” जेवणाच्या सुट्टीपर्यंत चौदाहीजणींना कळलं होतं. कुणी मला खुर्ची दिली, कुणी पाणी. माझं गाठोडी सोडायचं काम काढून मला गाड्या ढकलायला दिल्या. इतकं प्रेम त्या बायकांनी माझ्यावर कधी केलं नव्हतं. ताईला सांगायचं नाही हे कुणी बोललंसुद्धा नाही, ते ठरल्यासारखंच होतं. ताई मुकादम. तिला कळलं म्हणजे लिहावं लागणार.

आपलेसाहेब म्हणायचे आपण एक घर आहोत, आणि आता ते खरंच झालं होतं. घरातली गोष्ट आम्ही घरात दाबली.

भिंतीवर एक जुना कागद होता. सुई टोचल्यास बहात्तर तासांच्या आत एचआयव्हीचं औषध सुरू करा, असं त्यावर लिहिलेलं. मी हिशेब केला. मंगळवारी अकरा ते शुक्रवारी अकरा. पत्रं शुक्रवारी सकाळी दहाला मिळणार होती. म्हणजे दहाला पत्र घ्यायचं, जिने चढायचे आणि अकराच्या आत कॅज्युअल्टीत बोट दाखवायचं. माझ्या हुशारीवर मीच खूश. हसू नका. त्या तीन दिवसांत मला दुसरं काही सुचतच नव्हतं. घरी मी ताईला सांगितलं की डब्याच्या पत्र्याने कापलं. तिने पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाली, तुझं लक्ष कुठे असतं?

बुधवारी मला जेवण गेलं नाही. सुईतलं ते काळपट रक्त डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. कुणाचं असेल? म्हातारं माणूस असेल, की एखादी बाळंतीण? त्याला काय झालं असेल? चिमणी सारखी माझ्या आसपास राहून भलतेसलते विनोद करत होती. गुरुवारी दुपारी बारा वाजता आपलेसाहेब हसत खाली आले. संचालक स्वतः पत्रं वाटायला येणार होते. त्यामुळे कार्यक्रम सकाळी दहाऐवजी दुपारी चारला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि वाजवतानाच हिशेब केला. चार म्हणजे सत्त्याहत्तर तास.

मी चिमणीकडे पाहिलं, तिने मान फिरवली. बाकीच्यांकडे पाहिलं. कुणी चादर उचलली, कुणी गाडी. मला त्यांचा राग आला, खूप आला. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही चादरच उचलली असती, हेही मला माहीत होतं.

पाळी संपायला आली की ताई मोजे तपासायची. आमच्याकडची ही रीतच आहे. प्रत्येक जाड मोजा फुंकून फुगवायचा, तोंड पिळून धरायचं आणि गालाजवळ नेऊन दाबायचा. बारीक भोक असेल तर वारा गालाला लागतो. त्या दिवशी तीन वाजता ती एकेक जोडी फुगवत होती. माझी आली. तिने फुगवली, दाबली, बाजूला ठेवली आणि परत हातात घेतली. नवे मोजे सोमवारी मिळतात. सोमवारच्या मोज्यांवर गुरुवारपर्यंत डाग चढतात, बोटांची टोकं पांढुरकी होतात. माझे कोरे करकरीत होते.

ताईने मोजे टेबलावर ठेवले आणि विचारलं, “कुणाला टोचलंय?”

ताईने प्रत्येकीचं नाव घेऊन विचारलं. प्रत्येकीने मान हलवली. चिमणीनेही हलवली. शेवटी ती माझ्यासमोर आली. मी म्हटलं, मला काय माहीत. तिने माझा हात धरला आणि पट्टी सोडली. पत्र्याने कापलं तर रेघ असते. माझ्या बोटावर निळसर कडेचा एक ठिपका होता.

“कधी?”

मी सांगितलं. तिने घड्याळाकडे पाहिलं, आणि तिच्या ओठांवरून तिने बावन्न मोजलेले मला दिसले.

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. उद्याचा दिवस, ताई, फक्त उद्याचा. सात वर्षं काढली. माझ्या नवऱ्याचं काम सुटलंय. मी तर पायाच पडले तिच्या. म्हटलं, माझं बोट आहे, माझा जीव आहे, मी बघेन काय ते. ताईने मला उठवलं. तिने चौदाजणींना एवढंच सांगितलं की मी हिला वर नेतेय, परत आले की तुम्हाला जे बोलायचंय ते बोला, मी ऐकेन. आणि मला ओढत नेलं. ओढतच, कारण मी चालत नव्हते.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्या माझ्यावर भडकल्या. बहात्तर तास ही शेवटची हद्द आहे, सवलत नव्हे, असं म्हणाल्या. टोचल्यावर दोन तासांत यायचं असतं, प्रत्येक तासाने औषधाचा जोर कमी होतो. रक्त घेतलं, पहिली गोळी समोर गिळायला लावली, अठ्ठावीस दिवसांच्या लिहून दिल्या. मग फॉर्म काढला. तारीख, वेळ, विभाग, गाठोडं कुठल्या वॉर्डाचं. मी म्हटलं, घरी टोचलं असं लिहा ना. डॉक्टरबाईंनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, मंगळवार, सकाळी अकरा. त्या वेळेला तिसऱ्या मजल्याची गाडी असते.

घरी येताना मी तिच्याशी बोलले नाही. घरी आल्यावर बोलले, नको नको ते बोलले. तू माझी आई नाहीस, तुझ्यासारखं आयुष्यभर मला कुणी वकीलबाई म्हणायला नको. ती भाजी चिरत राहिली. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, गोळीनंतर मळमळेल, थोडं तरी खा.

शुक्रवारी सकाळी आठला आकडा बदलला नाही. पाटीवर १९९ तसाच राहिला, आणि टाळ्या वाजवायला जमलेल्या बायका त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. नऊ वाजता आपलेसाहेबांनी दाराजवळच्या लांब टेबलापाशी सगळ्यांना बोलावलं, पलीकडच्यांनाही. त्यांच्या हातात कालचा फॉर्म होता. ते रात्रभर झोपले नसावेत.

ते म्हणाले, फॉर्म अजून वर गेलेला नाही. हिला औषध सुरू झालंय, देवाच्या कृपेने ही बरी राहील. मग आता चौदा घरांचं नुकसान का करायचं? फॉर्मवर उद्याची, शनिवारची तारीख टाकू. आज चारला पत्रं होतील. उद्या तक्रार नोंदवू. कुणाचंच काही बिघडत नाही.

मला सुटल्यासारखं झालं. चौदाजणींच्या अंगातून एकदम जडपणा गेला, चिमणी तर रडायलाच लागली. यात वाईट काय आहे? औषधही मिळालं, पत्रही मिळणार. सगळे ताईकडे बघायला लागले, कारण फॉर्मवर मुकादमाची सही लागते.

ताईने कपाटातून जुनी वही काढली. धूळ झटकली, खुर्ची ओढली, बसली. आणि सोमवारी बोलायची तशी बोलली.

“साहेबांचं म्हणणं असं. पोरीला उपचार मिळालाय. तारीख एका दिवसाने सरकवली तर चौदाजणी कायम होतात आणि कुणाला काही तोटा नाही. साहेबांना आपल्या सगळ्यांचं भलं व्हायला हवंय. बरोबर?”

आपलेसाहेब गोंधळले. हा नियम त्यांनी वहीत वाचला होता, पण बघितला नव्हता. त्यांनी मान डोलावली. ताई म्हणाली, तोंडाने सांगा. ते म्हणाले, बरोबर.

ती आमच्याकडे वळली. “तुमचं म्हणणं असं. सात-सात वर्षं तुम्ही आज आहे उद्या नाही अशा कामावर काढलीत. माझी नोकरी कायम आहे, म्हणून मला खरेपणा परवडतो. तुम्हाला नाही. बरोबर?”

शेवटी चिमणी म्हणाली, बरोबर. ताईने ते इतकं नेमकं सांगितलं होतं की माझी मान खाली गेली.

“आता माझं. सुईवर शनिवारची तारीख पडली, तर शनिवारी अकराला खाली येते पाचव्या मजल्याची गाडी. त्यांना जाब विचारतील. तिसऱ्या मजल्याला कुणी काही विचारणार नाही, आणि मंगळवारी त्यांचं गाठोडं पुन्हा येईल. ते कायम झालेल्या हातांनी सोडायचंय. साहेब, तुम्ही म्हणाला होता, आपण एक शरीर आहोत. हात भाजला तर तो आधी मागे येतो, डोक्याची परवानगी काढत नाही. तुमच्या पाटीने हातांना मागे यायची बंदी केली. आणि त्या पाटीला माझी सही आहे.”

आपलेसाहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी विचारलं, “पण एक सुई, दोनशे दिवसांत एक सुई, एवढ्यासाठी चौदाजणी?”

तेव्हा मावशी उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, वेळ लावत. त्यांनी आधी ताईचं म्हणणं सांगितलं, ताईने बरोबर म्हटलं, आणि मग त्या आपलं बोलल्या. धुतलेल्या बाजूलाही दोघींना टोचलं होतं. यंत्रातून धुऊन आलेल्या चादरीत सुया होत्या. त्रेसष्टावा दिवस आणि एकशे पन्नासावा. दोघींनाही मावशींनीच गप्प बसवलं होतं. हे सांगताना त्यांनी ताईकडे पाहिलं नाही.

मग चिमणीने आपला डावा हात टेबलावर ठेवला. एकशे बारावा दिवस. तिने आपली पट्टी आपणच बांधली होती, म्हणून माझी तिला दोन मिनिटांत जमली. तिच्यामागून आणखी एकीने हात पुढे केला, तिच्यामागून आणखी एकीने. ताई क्रमाने दिवस, वेळ, बोट विचारत होती आणि लिहीत होती. आपलेसाहेब खुर्चीवर बसले. त्यांनी दर आकड्याला पाटीकडे बघितलं. एकदा म्हणाले, माझं दार उघडं होतं.

पत्रं त्या दिवशी मिळाली नाहीत. संचालक आलेच नाहीत. भांडणाचा तास पुढच्या सोमवारपासून पुन्हा सुरू झाला आणि आमच्या पत्रांची तक्रार त्यात बत्तीस नंबरला सव्वा वर्ष उभी राहिली. तोवर चौदांतल्या पाचजणी सोडून गेल्या. त्यातल्या तिघी रस्त्यात दिसल्या तर आजही मला आणि ताईला ओळख देत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. माझ्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. हे सगळं पुढचं.

त्या सकाळी मी धरून सहाजणींचं लिहून झालं होतं. आपलेसाहेबांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं, अजून कुणी आहे का? ताईने वही मिटली नाही. मान खाली घालून ती आणखी एक ओळ लिहीत होती. मी तिच्या खांद्यावरून वाचली. ‘दिवस एक्केचाळीस. दुपारी सव्वादोन. डावा अंगठा. मळकी बाजू, मुकादम.’

मला आधी काही कळेचना. दोनदा वाचलं. मग मी सगळ्यांसमोर विचारलं, “ताई, तू का नाही सांगितलंस?”

तिने पेनाचं टोपण लावलं. “तू कायम व्हायची होतीस ना,” ती म्हणाली.

आम्ही दोघी कॅज्युअल्टीत गेलो तेव्हा कालच्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी ताईला विचारलं, टोचून किती तास झाले? ताईने तोंडातल्या तोंडात हिशेब सुरू केला, आणि मला तो ऐकवला नाही. मी मध्येच सांगून टाकलं की एकशे अठ्ठावन्न दिवस झालेत. डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता हात थांबवला. मग त्या उठल्या, दार लावून घेतलं, आणि ताईला बाही वर करायला सांगितली.